परीक्षेतला शब्द, घरातला शब्द



ईदनंतरच्या आठवड्यात आपाकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात नेहमीची गडबड चालू होती आणि त्या गडबडीतच भाची ओट्याशेजारी पाट टाकून एक जाडजूड पुस्तक घेऊन बसली होती. कुणाकडून तरी जुन्यात मिळालेले, साडेतीन हजार इंग्रजी शब्दांचे. प्रत्येक शब्द, त्याचा अर्थ, पुढचा शब्द. जानेवारीत सुरुवात केली होती तरी खूणगाठीचा कागद अजून पहिल्याच अक्षरात अडकलेला. ‘अबेट’, ‘ॲबडिकेट’, ‘ॲबस्टेन’... बारावीचे पेपर झाले, रोजे झाले, तरी ‘ए’ काही सरेना.

“मामू, ये किताब खतमच होती नइं,” ती म्हणाली.

हसायला आले, पण ते तेवढ्यापुरतेच. दुल्हाभाईंनी तिला शब्द दिला आहे: केंद्रीय विद्यापीठात जागा मिळाली तर दिल्लीला पाठवीन, नाही तर गावातल्याच कॉलेजात बी.ए. करायचे. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आमच्या घरातून या परीक्षेला बसणारी ती पहिलीच. तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचा पेपर द्यावाच लागतो. गणित, इतिहास तिला घाबरवत नाहीत. ती घाबरते ती शब्दांना. असे घर हे एकच नाही, म्हणून या महिन्याचे पान तिच्या निमित्ताने.

ही परीक्षा म्हणजे सीयूईटी. नॅशनल टेस्टिंग एजन्सी ती २०२२ पासून घेते. केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश मुख्यतः तिच्यावर होतात. अलिगढ आणि जामिया मिल्लियामधले काही अभ्यासक्रमही तिच्या गुणांवर भरले जातात (कोणते, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये). भाषेचा पेपर १३ भाषांपैकी निवडता येतो, त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. ज्या अभ्यासक्रमाला कोणतीही भाषा चालते तिथे आपल्या भाषेचा पेपर घेण्यात काही कमीपणा नाही. काही अभ्यासक्रमांना मात्र इंग्रजीच लागते. २०२५ पासून प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ गुण वजा. इंग्रजीत उतारे असतात, विस्कटलेल्या वाक्यांची जुळणी असते, आणि मग शब्द: समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागी योग्य तो.

भाचीच्या हातातले पुस्तक मी बाजूला ठेवले आणि विचारले, “राजीनामा म्हणजे काय?”

“नोकरी सोडल्याचा कागद.”

तिची नानी तसबीह फिरवत बसली होती. ती थांबून म्हणाली, “अरे, राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजू राज़ी झाल्याचा कागद. समझोता. नोकरी सोडली तर इस्तीफा.”

दोघीही बरोबर होत्या. एक मराठीत बरोबर, एक उर्दूत. आमच्यासारख्या घरांत असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘खुलासा’ मराठीत स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. ‘तक्रार’ मूळ अरबीत पुन्हा पुन्हा करणे, उर्दूत हुज्जत, मराठीत गाऱ्हाणे. ‘शिकस्त’ उर्दूत हार, आणि आपण मराठीत प्रयत्नांची ‘शिकस्त’ करतो ती जिंकण्यासाठी! शाळेत मराठी, मकतबात उर्दू आणि अरबी, घरात दखनी, तीही अशी की ‘खतमच’मधला ‘च’ मराठीकडून आलेला. या मुलांना कुणी न सांगता कळलेले असते की शब्दाचा अर्थ तो कुठल्या वाक्यात बसला आहे त्यावर ठरतो. इंग्रजीचा पेपर हेच विचारतो. पण इंग्रजी म्हटले की आपली मुले हे सगळे विसरतात, आणि एका शब्दापुढे एक अर्थ असे पाढ्यासारखे पाठ करू लागतात.

‘सँक्शन’ हा शब्द घ्या. बँकेतून कर्ज ‘सँक्शन’ झाले हे आपल्याकडे रिक्षा घेणाऱ्यापासून घर बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळते: मंजुरी. पण बातमीत एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्या असे येते तेव्हा त्याचा अर्थ निर्बंध. एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलटे. यादीतला पहिला अर्थ पाठ केलेला मुलगा उताऱ्यात इथेच फसतो. ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी हे सगळ्यांना माहीत असते, पण ‘नॉव्हेल आयडिया’ म्हणजे नवी, पूर्वी कुणाला न सुचलेली कल्पना.

म्हणून पहिली सवय अशी लावावी: रिकाम्या जागेचा प्रश्न आला की पर्यायांवर हात ठेवायचा. संगणकावर परीक्षा असेल तर नजर वरच ठेवायची. आधी वाक्य वाचायचे आणि रिकाम्या जागेत आपल्या भाषेतला शब्द घालून पाहायचा. मराठी, उर्दू, दखनी, जो आधी ओठावर येईल तो. मग पर्याय पाहायचे.

आम्ही एक करून पाहिले. परीक्षेत वाक्य इंग्रजीत असेल, इथे मी ते मराठीत देतो: ‘एरवी ____ असलेले चाचा त्या दिवशी मात्र तासभर बोलत राहिले.’ पर्याय: लोक्वेशस, टॅसिटर्न, जोव्हिअल, जेनरस.

भाचीने लगेच ‘जेनरस’वर बोट ठेवले. का? तर तो एकटाच ओळखीचा होता. ओळखीचा शब्द दिसला की मन तिकडे धावते, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. मी पर्याय झाकले आणि वाक्य पुन्हा वाचायला लावले. “एरवी... मात्र... म्हणजे उलटे काहीतरी. एरवी अबोल!” झाले. शब्द सापडला, फक्त तो इंग्रजीत शोधायचा राहिला. ‘जेनरस’ म्हणजे उदार, त्याचा बोलण्याशी संबंध नाही, तो गेला. ‘जोव्हिअल’ कुठेतरी आनंदी माणसाबद्दल ऐकले होते, तोही गेला. उरले दोन. ‘लोक्वेशस’मधला ‘लोक्’ तिला ‘इलोक्यूशन’ या शब्दात सापडला. शाळेत वक्तृत्व स्पर्धेला तेच म्हणत. म्हणजे हा बोलका. राहिला ‘टॅसिटर्न’. तो शब्द तिने आयुष्यात कधी पाहिला नव्हता, आणि उत्तर बरोबर आले.

तो लक्षात राहावा म्हणून मी एक धागा दिला. निकाहाच्या वेळी कुमारिकेला विचारले आणि ती गप्प राहिली, तर तिचे मौन हीच तिची संमती धरतात, हे हदीसमध्ये आलेले आपण ऐकतो. अशा न बोलता दिलेल्या संमतीला इंग्रजीत ‘टॅसिट कन्सेंट’ म्हणतात. ‘टॅसिट’ आणि ‘टॅसिटर्न’ एकाच घरचे. भाची लाजली, पण शब्द आता विसरणार नाही.

वाक्यातल्या सांध्यांकडे लक्ष द्यायला मुलांना शिकवले पाहिजे. इंग्रजीतले ‘दो’, ‘बट’, ‘डिस्पाइट’, ‘अनलाइक’ हे आपले ‘जरी’, ‘पण’, ‘असूनही’, ‘च्या उलट’. हे दिसले की वाक्य वळण घेणार. ‘बिकॉज’, ‘सो’, ‘देअरफोर’ दिसले की सरळ जाणार. अर्धे काम तिथेच होते.

काही प्रश्नांत वाक्य नसतेच. एक सुटा शब्द, खाली चार, त्यातला समानार्थी सांगा. तिथे वाक्य आपण करायचे. हा शब्द मी कुठे ऐकला? बातमीत, क्रिकेटच्या समालोचनात, औषधाच्या पाकिटावर? ‘ॲबस्टेन’ बातमीत भेटतो: मतदानाला हजर राहूनही अमुक देशाने मत दिले नाही. म्हणजे स्वतःला आवरणे, दूर राहणे. तेही आठवत नसेल तर शब्दाचा मिजाज पाहावा: तो कौतुक करतो आहे की नावे ठेवतो आहे? ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ दोघेही पैसा जपून खर्च करतात, पण पहिला काटकसरी आणि दुसरा कंजूष. आपल्याकडे पहिल्याची तारीफ होते आणि दुसऱ्याला बखील म्हणतात. ‘फर्म’ ठाम, ‘ऑब्स्टिनेट’ हट्टी. विचारलेला शब्द कौतुकाचा असेल तर नावे ठेवणारे पर्याय समानार्थीत आपोआप गळतात.

विरुद्धार्थीत एक जुना सापळा असतो. चारांतला एक पर्याय हटकून समानार्थी असतो. घाईत मुले तोच निवडतात, कारण अर्थ ओळखल्याचा आनंद होतो आणि प्रश्न काय होता ते मन विसरते. मी शिकवत असताना पहिल्या रांगेतली हुशार मुलेसुद्धा इथे गुण घालवून यायची. त्यावर उपाय साधाच आहे. कच्च्या कागदावर ‘उलटा’ एवढे लिहून ठेवावे.

आता मुळांविषयी, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. मकतबात थोडी अरबी शिकलेल्या मुलांच्या हातात एक किल्ली असते आणि ती कुठल्या कुलुपाची हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. क-त-ब ही तीन अक्षरे घ्या: किताब, कातिब, मकतब, मकतूब, कुतुबखाना. सगळीकडे लिहिणे आहे. इल्म, आलिम, तालीम, मुअल्लिम, मालूम: सगळीकडे जाणणे. इंग्रजीने लॅटिनकडून अशीच मुळे घेतली. क-त-बचा जुळा भाऊ तिथे ‘स्क्राइब’ किंवा ‘स्क्रिप्ट’. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हस्तलिखित, ‘प्रिस्क्रिप्शन’ डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी, ‘इन्स्क्रिप्शन’ शिलालेख, ‘डिस्क्राइब’ वर्णन करणे. ‘बेने’ म्हणजे भले आणि ‘मॅल’ म्हणजे वाईट, म्हणून ‘बेनेव्होलंट’ भले चिंतणारा, ‘मॅलेव्होलंट’ वाईट चिंतणारा. ‘क्रेड’ म्हणजे विश्वास. ‘क्रेडिबल’ विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट, तर ‘क्रेड्युलस’ म्हणजे कशावरही पटकन विश्वास ठेवणारा भोळा माणूस. ही शेवटची जोडी परीक्षेला फार आवडते. अशी वीस-पंचवीस मुळे नीट ओळखीची झाली की शेकडो शब्दांचे निदान आडनाव तरी कळते.

काही शब्द तर अरबीतूनच तिकडे गेलेले आहेत. ‘झेनिथ’ आणि ‘नेडिर’ ही विरुद्धार्थीतली ठरलेली जोडी. ‘झेनिथ’ आला ‘सम्त-अर-रास’पासून, म्हणजे डोक्यावरची दिशा. ‘नेडिर’ आला ‘नज़ीर’पासून, त्याच्या बरोबर समोरचा. मुस्लिम खगोलशास्त्रज्ञांचे हे शब्द युरोपने जसे ऐकू आले तसे घेतले. आज त्यांचा अर्थ कळस आणि तळ. ‘डिसायफर’ म्हणजे उलगडणे, त्याच्या पोटात आपला ‘सिफ्र’ आहे. आणि आपण हे मासिक हातात धरले आहे त्याला इंग्रजीत ‘मॅगझीन’ म्हणतात, तो शब्द ‘मखज़न’च्या घराण्यातला, म्हणजे कोठार. मुलांना हे सांगावे, त्यांची भीती कमी होते. मात्र त्यावरच विसंबू नये, असे शब्द मूठभर आहेत. पेपर भरतो तो लॅटिन-ग्रीकच्या शब्दांनी.

मुळे फसवतातही. ‘इन’ लागला की उलटा अर्थ, असे शिकवले जाते. पण ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोलाचा नव्हे, अनमोल. गॅसच्या टँकरवर लिहिलेला ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारा असे समजून कुणी काडी ओढू नये. त्याचा अर्थ लवकर पेट घेणारा. सारखे दिसणारे शब्द वेगळेच. ‘ॲडव्हर्स’ प्रतिकूल, ‘ॲव्हर्स’ नावड असलेला. ‘एमिनंट’ नामवंत, ‘इमिनंट’ येऊ घातलेला. ‘कॉम्प्लिमेंट’ तर कानाला एकच, लिहिताना मध्ये ‘आय’ असेल तर तारीफ आणि ‘ई’ असेल तर पूरक.

एवढे करूनही उत्तर येत नसेल तर? क्लासवाले सांगतात, वजा गुण आहेत, हात लावू नका. हिशेब करून पाहा. चारही पर्याय अनोळखी असलेल्या चार प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीने एक बरोबर येतो: पाच मिळाले, तीन गेले, दोन उरले. दोन पर्याय गाळता आले तर अशा दोन प्रश्नांत एक बरोबर: पाच मिळाले, एक गेला, चार उरले. म्हणजे एखाद-दुसरा पर्याय गाळता आला असताना प्रश्न कोरा सोडणे हे नुकसानच. अर्थात ही सरासरी आहे, एखादा दिवस उलटाही जातो. नानीने विचारले, “हा तुक्का म्हणजे जुगार नाही ना?” फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण समजून दोन गाळणे आणि उरलेल्यांतला जास्त पटणारा घेणे ही माझ्या मते अक्कल आहे. आपल्या राज्यात २०२४ पासून बीबीए, बीसीए वगैरेंसाठी होणाऱ्या सीईटीत इंग्रजीचा मोठा भाग असतो आणि तिथे वजा गुण नाहीत. तिथे कोरा प्रश्न ठेवायला काही कारणच नाही.

५० प्रश्न, ६० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. शब्दाच्या प्रश्नाला वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त देऊ नयेत. तो आठवतो तरी किंवा नाही तरी, बसून राहिल्याने आठवत नाही. वाचलेला वेळ उताऱ्यांना द्यावा.

आखातात राहणाऱ्या आपल्या कोकणी घरांतली काही मुले अमेरिकेच्या ‘सॅट’ला बसतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे शब्दांच्या जोड्या जुळवण्याचे प्रश्न २००५ मध्ये बंद झाले आणि अवघड शब्द सुटे विचारणारे रिकाम्या जागांचे प्रश्न २०१६ मध्ये. आता छोटा उतारा देतात आणि त्यात तो शब्द काय सांगतो किंवा कोणता शब्द बसतो ते विचारतात. मोठ्या भावंडांनी वापरलेल्या जुन्या याद्या त्यामुळे फारशा कामाच्या नाहीत.

राहिला पाठांतराचा प्रश्न. पाठांतर लागतेच, पण ते कसे करावे हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. ज्या घरात मूल हिफ्ज करते त्या घराला ठाऊक आहे: रोजचा नवा सबक, गेल्या काही दिवसांची सबकी, आणि जुन्याची मंजिल. तिन्ही रोज. नवे पाठ करत गेला आणि मंजिल सोडली तर मागचे सगळे निसटते, हे प्रत्येक हाफिज सांगेल. शब्दांचेही तसेच. भाचीला एक शंभर पानी वही दिली. रोज दहा नवे शब्द, तेही यादीतले नव्हेत, तर सराव पेपरात चुकलेले किंवा वर्तमानपत्रात अडलेले. आदल्या आठवड्याचे एकदा तोंडाने म्हणायचे. आणि मागचे एक पान उघडून अर्थ झाकून पाहायचे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ नाही, वाक्य लिहायचे आणि त्यात घरातले कुणीतरी आलेच पाहिजे. पहिल्या दिवशी ‘रिलक्टंट’पुढे तिने लिहिले की अब्बू मला दिल्लीला पाठवायला ‘रिलक्टंट’ आहेत. दुल्हाभाईंनी ते वाचले, अर्थ विचारला, आणि काही न बोलता वही परत दिली.

ते जाड पुस्तक आता नानीचा चष्मा आणि दवा ठेवायच्या कामी येते.

परवा तिचा फोन आला. सराव पेपरातल्या एका उताऱ्यात म्हाताऱ्या शेतकऱ्याने पीक गेल्याची बातमी ‘रेझिग्नेशन’ने ऐकली, असे वाक्य होते आणि शब्दाचा अर्थ विचारला होता. पर्यायांत ‘नोकरी सोडणे’ होतेच. वर्गातल्या बहुतेकांनी तेच निवडले. ती म्हणाली, “मी आधी तेच करणार होते मामू, राजीनामा. मग म्हटले शेतकरी कुठली नोकरी सोडणार? आणि नानीचा राज़ीनामा आठवला. तो राज़ी झाला होता. जे झाले ते मुकाट्याने मान्य केले.” चौथा पर्याय तोच होता.